म्हाताऱ्या मोतीचे जुने खाते

दुकान खाली आणि राहते घर वर, अशी रचना असलेल्या बाजारपेठेतील घरांत संध्याकाळच्या जेवणाची वेळ सहसा चुकत नाही. सूर्यास्तापूर्वी पाने मांडली जातात, दुकानातील मंडळी हातपाय धुऊन वर येतात, आणि त्यांच्याही आधी, कोणी न बोलावता, घरातला कुत्रा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसलेला असतो. त्याचे नाव बहुधा मोती असते. अशाच एका घरातील मोती आता नऊ वर्षांचा आहे. पांढऱ्या केसांचा, टोकदार तोंडाचा, स्पिट्झ जातीचा. ज्याला आपल्याकडे सरसकट पॉमेरियन म्हणतात. पहिले पान वाढले की तो कण्हू लागतो. दुसरे पान वाढले की भुंकतो. तरीही कोणी लक्ष दिले नाही तर पुढचे दोन्ही पाय आजींच्या गुडघ्यावर ठेवतो, आणि आजी पोळीचा तुकडा मोडतात.

नऊ वर्षे ह्याची कोणाला अडचण वाटली नव्हती. पाहुणे हसत, मुले टाळ्या पिटत. मात्र यंदा सूनबाई तीन महिन्यांचे बाळ घेऊन माहेराहून परतल्या आणि घराचे गणित बदलले. दारावरची घंटा वाजली की मोती भुंके, मोती भुंकला की बाळ दचकून उठे. पुढे एके दुपारी नात्यातले रांगते मूल मोतीच्या कानाकडे हात घेऊन गेले, तेव्हा तो दात दाखवून गुरगुरला. आणि ह्या सर्वांवर कळस म्हणजे, दीड महिन्यात तीन वेळा त्याने दुकानाच्या गादीवर लघवी केली. व्यापाऱ्याच्या घरात गादी म्हणजे केवळ बसण्याची जागा नव्हे. ती तीन पिढ्यांची बैठक असते.

“आता ह्याला पांजरपोळीत नेऊन सोडा,” थोरले चिरंजीव म्हणाले. “महिन्याचा जो काही खर्च असेल तो आपण देऊ.”

आजी काही बोलल्या नाहीत.

ह्या सूचनेत दुष्टपणा नव्हता. तिच्यात एक जुनी, चांगली परंपराच बोलत होती. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम निघाला, तेव्हा शहरात दंगा उसळला. पारशी मंडळी त्यात आघाडीवर होती. जैन आणि हिंदूही त्यांच्या बाजूने उभे राहिले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. म्हणजे तिच्या उगमाशी कुत्रीच आहेत. परंतु ज्यांना कोणी वाली नव्हता अशा जिवांसाठी ती सोय होती. नऊ वर्षे एकाच जिन्याखाली झोपलेल्या, एकाच हातचे खाल्लेल्या प्राण्याला उतारवयात अनोळखी कळपात नेऊन सोडणे ही गोष्ट निराळी आहे. असा कुत्रा तेथे पुष्कळदा अन्नाला तोंड लावीत नाही. त्याचा खर्च पाठवता येतो, घर मात्र पाठवता येत नाही.

तेव्हा खरा प्रश्न असा की मोती सुधारू शकतो काय. म्हातारा कुत्रा नवे शिकत नाही, ही समजूत सार्वत्रिक आहे. व्हिएन्ना येथील पशुवैद्यकीय विद्यापीठात ती तपासून पाहिली गेली. ५ महिने ते १३ वर्षे वयाच्या ९५ बॉर्डर कोली कुत्र्यांना पडद्यावरील चित्रांतून योग्य चित्र नाकाने निवडण्यास शिकवण्यात आले, आणि त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. वयस्क कुत्र्यांना शिकण्यास अधिक वेळा सराव लागला, आधी शिकलेले बदलणेही त्यांना जड गेले. मात्र एकदा शिकलेले सहा महिन्यांनंतरही आठवण्यात म्हातारे तरुणांच्या मागे नव्हते. आणि एक चित्र चुकीचे म्हणून ठाऊक असल्यास दुसरे बरोबर असणार, हा तर्क करण्यात ते उलट सरस ठरले. थोडक्यात, म्हातारा विद्यार्थी मंद असतो, मठ्ठ नसतो. त्याला वेळ अधिक द्यावा लागतो, एवढेच.

पण शिकवण्याआधी एक काम असते, आणि नेमके तेच बहुतेक घरांत राहून जाते. मोतीविरुद्धच्या तक्रारी एकाच यादीत लिहिल्या गेल्या होत्या: भीक मागतो, भुंकतो, गुरगुरतो, गादी खराब करतो. त्या यादीपुढे प्रत्येक तक्रार कधीपासूनची आहे, हे कोणी लिहिले नव्हते. जेवताना मागणे नऊ वर्षांचे होते. घंटेवर भुंकणेही जवळपास तेवढेच जुने. गादीवरची लघवी मात्र दीड महिन्यापूर्वी सुरू झाली होती, आणि गुरगुरणे एकदाच घडले होते. जुनी खोड ही सवय असते. स्वच्छ वागणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यात अचानक उपजलेली खोड हा बहुधा आजार असतो. मूत्राशयाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, ह्या सर्वांत कुत्र्याला लघवी आवरत नाही. सांधे धरले असतील तर उंच जिना उतरून अंगणापर्यंत जाणेच त्याच्याने होत नाही. दात दुखत असेल, कान दुखत असेल, तर हात लावू पाहणाऱ्यावर तो गुरगुरतो. माणूसही तसेच करील.

पशुवैद्यांनी मोतीची लघवी तपासली आणि कान पाहिले. लघवीत संसर्ग होता. डाव्या कानात आत खोलवर सूज होती, आणि रांगत्या मुलाचा हात त्याच कानाकडे गेला होता. औषधांचा क्रम पूर्ण झाला आणि गादीचा प्रश्न तेथेच मिटला. त्यासाठी कोणतेही शिक्षण लागले नाही. यादीतील चारपैकी दोन बाबी अशा रीतीने शिक्षकाकडे नव्हे, वैद्याकडे जायच्या होत्या. दीड महिना घरातील मंडळी त्या आजारी जिवाला रागावत होती, हे कळल्यावर सूनबाई बराच वेळ त्याच्यापाशी बसून होत्या.

ज्यांच्या घरी कुत्रा ह्याहून म्हातारा आहे त्यांनी आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. माणसाप्रमाणे कुत्र्यालाही म्हातारचळ लागतो. रात्री उगाच भुंकणे, कोपऱ्यात तोंड घालून उभे राहणे, ओळखीच्या दाराच्या चुकीच्या बाजूला वाट पाहणे, घरच्या माणसास न ओळखल्यासारखे करणे, ही त्याची लक्षणे होत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११ ते १२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५ ते १६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांत अशा बिघाडाचे किमान एक लक्षण आढळले होते. अशा कुत्र्यास शिस्त लावू पाहणे म्हणजे विस्मरण झालेल्या आजोबांना पाठांतर न केल्याबद्दल रागावणे होय. त्याला औषध, रात्री मंद दिवा आणि न बदलणारी दिनचर्या ह्यांची गरज असते.

आता उरल्या दोन खऱ्या सवयी. त्या समजण्यास व्यापारी घराला अडचण पडू नये, कारण हा सारा देण्याघेण्याचाच मामला आहे. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी खोक्यात कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग केले. ज्या कृतीनंतर सुटका झाली आणि खाऊ मिळाला तीच कृती जनावर पुढच्या वेळी अधिक लवकर करते, असे त्यांनी १८९८ साली लिहिले. म्हणजे वाईट सवय ही कुत्र्याच्या स्वभावातून आपोआप उगवत नाही. तिच्या खात्यावर कोणीतरी नियमाने रक्कम जमा करीत असते. मोतीच्या कण्हण्यावर आजी पोळीचा तुकडा जमा करीत होत्या. त्याच्या भुंकण्यावर तर साऱ्या गावाने जमा केले होते: टपालवाला येतो, मोती भुंकतो, टपालवाला निघून जातो. मोतीच्या हिशेबाने त्याच्या भुंकण्यामुळेच तो गेला. नऊ वर्षांत एकदाही ह्या हिशेबात चूक निघाली नाही.

“पण आम्ही तर त्याला क्वचितच देतो,” असे पुष्कळ घरांत सांगितले जाते. गोम तेथेच आहे. उंदीर आणि कबुतरे ह्यांच्यावरील बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून असे दिसले की प्रत्येक वेळी मिळणारे बक्षीस थांबले तर सवय लवकर विरते. परंतु कधी मिळते, कधी मिळत नाही, अशा बक्षिसावर पोसलेली सवय फार चिवट होते. ठरलेले व्याज मिळेनासे झाले की ठेवीदार चौकशीला येतो आणि ठेव काढून घेतो. सोडतीची तिकिटे घेणारा मात्र वीस वर्षे काही न लागताही एकविसाव्या वर्षी तिकीट घेतोच. दहा वेळा हाकलून अकराव्या वेळी तुकडा टाकणारे घर आपल्या कुत्र्याला सोडतीचे तिकीट विकत असते.

म्हणून पहिला निर्णय मोतीबद्दल नव्हता, घराबद्दल होता. ताटातून कोणीही, कधीही, काहीही द्यायचे नाही, असे ठरले. सर्वांनी माना डोलावल्या. आजींनीही डोलावली. दुसऱ्या दिवशी पाने उचलताना आजींच्या पानाखाली पोळीचे तीन तुकडे बाजूस ठेवलेले निघाले.

येथे बहुतेक घरे चुकतात. आजींना बोल लावतात, त्या रुसतात, मोती दोघांकडे आळीपाळीने पाहतो आणि आठवड्याभरात सारे पूर्वपदावर येते. वास्तविक, देणे हा आजींचा दिवसातला आनंद होता, आणि घरात मोतीला सर्वांत प्रिय हात त्यांचाच होता. तो हात बंद करणे योग्य नव्हते. त्याची जागा बदलायची होती. भोजनाच्या खोलीत, पानांपासून चार हात दूर, मोतीला सारे घर दिसेल अशा भिंतीशी एक जुनी सतरंजी दुमडून घातली गेली. आजींच्या हाती स्टीलची एक छोटी डबी आली. नियम एवढाच: आजींनी मोतीला जितके द्यायचे तितके द्यावे, पण डबीतले, आणि तो सतरंजीवर असतानाच.

हे शिकवणे जेवणाच्या वेळी सुरू झाले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ऐन सणाच्या गर्दीत कोणी नव्या नोकराला तराजू शिकवीत नाही. दुपारी दुकानात वर्दळ नसे तेव्हा पाच मिनिटे आणि रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे, एवढाच वेळ दिला गेला. पहिल्या दिवशी मोतीचा एक पाय चुकून सतरंजीवर पडला. आजींनी तत्काळ तुकडा दिला. दोन पाय पडले, तुकडा दिला. तिसऱ्या दिवशी तो आपणहून सतरंजीवर जाऊन आजींच्या तोंडाकडे पाहू लागला. मग बसल्यावरच तुकडा, नंतर दोन क्षण थांबल्यावर, मग दहा, मग अर्धा मिनिट. म्हाताऱ्या कुत्र्याला येथे घाई करू नये. दुखऱ्या सांध्यांच्या कुत्र्याला वारंवार ऊठबस करायला लावण्यापेक्षा नुसते पडून राहण्याचे बक्षीस द्यावे.

कुत्र्याचा व्यवहार रोखीचा असतो, उधारी त्याला समजत नाही. चांगले वागल्यावर क्षणार्धात हातावर मिळाले तरच त्या वागण्याची किंमत त्याला कळते. डबी आणण्यासाठी स्वयंपाकघरात जाऊन येईपर्यंत तो उठलेला असतो, आणि मग पैसे उठण्याचे दिले जातात. म्हणून डबी कमरेशी हवी. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरतो. आकार नव्हे, तत्परता मोजली जाते. घरी केलेले बिनमिठाचे पनीर, काकडी, उकडलेला लाल भोपळा, बिया काढलेले सफरचंद, हे सारे चालते. जेवढे डबीतून जाईल तेवढे त्याच्या जेवणातून कमी करावे.

काय देऊ नये हेही सांगणे अवश्य आहे, कारण पाहुण्यांपुढील सुक्या मेव्याच्या तबकातून कुत्र्याला देण्याची पद्धत आपल्या घरांत फार आहे. द्राक्षे, बेदाणे, मनुका ह्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. किती खाल्ल्याने अपाय होईल ह्याचा नेम नसतो, म्हणून एकही देऊ नये. बेदाण्याचा व्यापार असलेल्या घरांनी तर गोदामाचे दार विशेष जपावे. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ विषारी होत. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. आपल्या स्वयंपाकघरात ते नसले तरी बाहेरून आलेल्या फरसाणात असू शकतात. आणि जाता जाता आणखी एक: केवळ दूध-पोळीवर ठेवलेला कुत्रा सतत मागत असेल तर ती सवय नसून भूक असण्याचा संभव आहे. शाकाहारी अन्नावर कुत्रा निरोगी राहू शकतो, पण त्यात प्रथिने आणि क्षार ह्यांचा मेळ पशुवैद्यांकडून बसवून घ्यावा लागतो. दुधाने तर पुष्कळ मोठ्या कुत्र्यांचे पोट बिघडते.

शब्दाचाही घोळ निघाला. धाकटा नातू “जा” म्हणे, काका “हट” म्हणत, आजी “बस रे बाळा” म्हणत, आणि थोरले चिरंजीव त्याच्या नावानेच ओरडत. चार जणांनी चार भाषांत सांगितलेले काम नोकरानेही केले नसते. अखेर “जागेवर” हा एकच शब्द ठरला आणि कागदावर लिहून दाराच्या चौकटीला चिकटवला गेला. तो कागद मोतीसाठी नव्हता.

दहाव्या दिवशी सतरंजी प्रत्यक्ष जेवणाच्या वेळी वापरात आली. मोतीला त्याचे अन्न घरच्या जेवणाआधी अर्धा तास मिळू लागले. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराला येथे एक मोठी अनुकूलता आहे. ठरलेल्या वेळेइतके म्हाताऱ्या कुत्र्याला दुसरे काहीच मानवत नाही. पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी मोती सतरंजीवरून उठला, पूर्वीच्या जागी आला, कण्हला, भुंकला, आणि काहीच मिळेना तेव्हा असा आकांत केला की खाली आलेल्या गिऱ्हाइकाने मुनीमजींना वर काय चालले आहे म्हणून विचारले.

हा दिवस प्रत्येक घरी येतो आणि त्याची कल्पना आधी असलेली बरी. ज्या खिडकीवर नऊ वर्षे पैसे मिळत होते ती एकाएकी बंद दिसली की माणूसही आधी जोराने ठोठावतो. हे ठोठावणे म्हणजे उपाय फसल्याची खूण नव्हे. जुने खाते आटत असल्याची ती खूण आहे. परंतु नेमक्या त्या क्षणी कोणी नमले तर कुत्रा शिकतो ते हेच की आता ह्याहून जोराने भुंकावे लागते. मोतीच्या घरीही तसेच झाले. काकांनी गिऱ्हाइकाच्या संकोचापायी अर्धी पुरी टाकली. पुढचे पाच दिवस मोतीचा सूर त्याच पट्टीत राहिला आणि काका जेवताना कोणाकडे पाहीनासे झाले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दुसऱ्या खेपेस मात्र आकांत दोनच दिवस टिकला.

घंटेवरचे भुंकणे ह्याहून अवघड, कारण तेथे पैसे देणारा घराबाहेरचा असतो. दिवसाकाठी ज्या घरी हमाल, दलाल, शेजारी, भाजीवाला असे अनेक जण येतात तेथे सराव हळूहळू होणे अशक्य वाटते. त्यावर धाकट्या नातवाने युक्ती काढली. त्याने दाराच्या घंटेचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला आणि दुपारच्या पाच मिनिटांत तो अगदी बारीक वाजवू लागला. मोतीचे कान हलत, पण भुंकण्याइतका आवाज नसे. तेवढ्यात सतरंजीवर तुकडा पडे. दर दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढला. घंटा म्हणजे अनोळखी माणूस, हा जुना अर्थ पुसून घंटा म्हणजे सतरंजी, हा अर्थ बसण्यास पाच आठवडे लागले. दरम्यान खऱ्या दारावर “घंटा वाजवू नये, हाक मारावी” अशी पाटी लागली होती, नाहीतर दुपारी शिकवलेले संध्याकाळी पुसले गेले असते. मोती आजही दोनदा भुंकतो. तेवढे त्याला असू द्यावे. घराला राखणीचा उपयोगही आहेच.

ह्या काळात घरात वर्तमानपत्राची एक सुरळी होती. ती काकांची. कुत्र्याला दोन फटके दिल्यावाचून कळत नाही, असे मानणारी माणसे प्रेमळही असतात, ही त्यातली गोंधळाची बाजू आहे. मारण्यात अडचण अशी की मार नेहमी उशिरा पोहोचतो. तासापूर्वी ओल्या केलेल्या गादीशी नेऊन नाक घासले तर कुत्र्याला लघवी आणि शिक्षा ह्यांचा संबंध लागत नाही. मालक घरी आला की दुखते, एवढेच तो शिकतो. पुढे तो गादी सोडून पलंगाखाली लपून तेच करतो. वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संस्थेने २०२१ साली स्पष्ट भूमिका घेतली की कुत्र्यांना शिकवण्यासाठी बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात, वर्तनाच्या तक्रारींतसुद्धा. ते दयेपोटी केलेले विधान नाही, परिणाम पाहून केलेले आहे.

गुरगुरण्याबद्दल मारणे तर सर्वांत धोक्याचे. गुरगुरणे ही नोटीस असते: येथे दुखते आहे, पुढे येऊ नका. नोटीस देण्याबद्दल मार मिळालेला कुत्रा पुढच्या वेळी नोटीस देत नाही, थेट चावतो. मोतीचा कान बरा झाल्यावरही सूनबाईंनी बाळाच्या खोलीला कमरेइतके लाकडी फाटक बसवून घेतले, आणि मोठे माणूस समोर असल्यावाचून बाळ व मोती एका जागी राहणार नाहीत असा नियम केला. कुत्रा कितीही गरीब असो, हा नियम मोडू नये. त्यात मोतीवर अविश्वास नाही. रांगणारे मूल म्हाताऱ्या जिवाला कोठे धरील, हे कोणालाच सांगता येत नाही.

कायद्याचेही दोन शब्द. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील ११ व्या कलमाप्रमाणे जनावरास मारहाण करणे, फार वेळ आखूड साखळीने बांधून ठेवणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्यास दंड १० ते ५० रुपये एवढाच ठेवला आहे. आजच्या बाजारात त्यात धड चहा-नाश्ताही येत नाही. तेव्हा म्हाताऱ्या कुत्र्याला गावाबाहेर सोडून येणाऱ्याला कायदा अडवील, ह्या भरवशावर कोणी राहू नये.

अंगावर उडी मारण्याच्या सवयीचे फार सांगण्यासारखे नाही. उडी मारली की पाठ फिरवावी, चारही पाय जमिनीवर आले की वाकून कौतुक करावे. हात झटकणे आणि ओरडणेही कुत्र्याला खेळच वाटतो. घरात सत्तरीपुढील माणसे असतील तर ही सवय मात्र सर्वांत आधी हाती घ्यावी, कारण एका उडीने खुब्याचे हाड मोडू शकते.

सगळेच सुटते असेही नाही. मोतीला दुकानातील गुळाच्या ढेपेचा मोह आजही आवरत नाही, आणि त्यावर कोणी शिक्षण दिलेले नाही. ढेपा फळीवर चढवल्या गेल्या. नऊ वर्षांच्या कुत्र्याशी प्रत्येक बाबतीत झगडण्यापेक्षा काही वेळा फळी उंच करणे स्वस्त पडते.

दोन महिने होत आले तेव्हाची गोष्ट. पाने वाढली होती, सूर्य मावळायला अर्धा तास होता, आणि खाली घंटा वाजली. मोती दोनदा भुंकला, उठला, मागचे पाय जरा ओढीत सतरंजीपर्यंत गेला आणि तेथे बसून वाट पाहू लागला. आजी त्या दिवशी देवदर्शनाहून परतल्या नव्हत्या. मोतीने त्यांच्या रिकाम्या पाटाकडे पाहिले, मग एकेकाच्या तोंडाकडे. थोरले चिरंजीव हातातला घास तसाच ठेवून उठले, स्वयंपाकघरातील फळ्या शोधू लागले, आणि जिन्यावर आईची चाहूल लागताच त्यांनी आतूनच विचारले, “आई, मोतीची डबी कुठे ठेवलीस? तो केव्हाचा जागेवर बसलाय.”